दोन प्रतिष्ठित माणसं

माझ्या चारित्र्याबद्दल चार ओळी लिहून देण्याआधी बाईंनी माझ्या आईकडून कढई घासून घेतली.

मागच्या अंगणात, मोरीच्या कडेला, हातात फाईल धरून मी उभी होते. आईनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. पोरीच्या महत्त्वाच्या कामाला जायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती. बाईंनी दार उघडलं. पुढचं नाही, मागचं. आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीच आहेस तर तेवढी कढई घासून टाक गं. मला पेन सापडेपर्यंत होईल."

आईनं पदर खोचला आणि बसली. ठेवणीतली साडी मोरीत भिजली. मला कोणी बस म्हटलं नाही. बसायला काही नव्हतंच तिथं, एक उलटी बादली सोडली तर.

मी तेव्हा एकतीस वर्षांची. आयसीयूत नर्स. सात वर्षांचा अनुभव. डॉक्टरला नस सापडत नाही तेव्हा मला बोलावतात. पण त्या अंगणात मी भांडेवालीची पोरगीच होते, आणि मी त्या मापात मुकाट बसले. आधी हेच सांगते, कारण पुढं मी फार शूर वगैरे वाटेन. तशी मी नव्हते.

मी कॅनडात कायमच्या रहिवासासाठी अर्ज केला होता. शिक्षणाची कागदपत्रं, अनुभवाचे दाखले, इंग्रजीची परीक्षा, सगळं झालं होतं. एकच कागद उरला होता, पोलिसांचा. अर्जदारावर कसलाही गुन्हा नाही, असा. मुदत साठ दिवसांची होती, त्यातले बेचाळीस दिवस उडाले होते. तो कागद वेळेत पोचला नाही तर अर्ज बाद. तीन वर्षं ड्युटी करून आल्यावर पुस्तकं उघडून बसले होते मी, ती सगळी पाण्यात.

पासपोर्टच्या कार्यालयातून माझा अर्ज चौकशीसाठी आमच्या भागातल्या ठाण्यात गेला. तिथल्या हवालदारानं मला बोलावलं. त्यानं फाईल उघडली, पत्ता वाचला, मग माझं आडनाव वाचलं. आडनाव जरा सावकाश वाचलं.

"कॅनडा? तुमच्या वस्तीतून?"

"हो."

"तिकडे जाऊन काय करशीन? भांडे घासशीन?"

बाजूचा शिपाई हसला. मी म्हणाले, "नर्स आहे मी." ते त्या फाईलमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलंच होतं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही.

"दोन प्रतिष्ठित मानसं लागतीन साक्षीले. शेजारचे," तो म्हणाला.

मी दोन नावं सांगितली. हेडाऊकाका, आमच्या डाव्या हाताचं घर. त्यांच्या बापाच्या घरी हातमाग होते, ते बंद पडले; काका कळमन्याच्या मार्केट यार्डात मापारी आहेत, म्हणजे धान्याचं वजन करणारे, परवान्याचे. दुसऱ्या वच्छलाकाकू, अंगणवाडीत मदतनीस. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली, मीही.

त्यानं नावं लिहिलीसुद्धा नाहीत.

"हे नाई चालत. वस्तीतले सारे एकमेकाइले चांगलंच म्हनतेत. नाल्याच्या तिकडले आन. बंगलेवाले. कोनी सायब-गियब."

त्यानं पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं, निदान त्याला लाचखोर म्हणून मोकळी झाले असते. तो आपलं काम चोख करत होता. त्याच्या लेखी माझ्या गल्लीत एकही प्रतिष्ठित माणूस राहत नव्हता, आणि हे त्यानं पाऊस पडतोय इतक्या सहज सांगितलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आईला लगेच नाल्यापलीकडच्या बाई आठवल्या. बावीस वर्षं ती त्यांच्याकडे धुणंभांडी करत होती.

"त्या देतीन वं लिहून. इतके वर्स झाले. नाई काहून म्हनतीन?"

मला जायचं नव्हतं, तरी गेले.

या बाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला. त्यालाही हाच कागद लागला होता. त्याच्या चौकशीला पोलीस घरी आला, सोफ्यावर बसला, आणि आईनंच त्याला चहा-बिस्किटं नेऊन दिली. शेजाऱ्यांची दोन नावं बाईंनी बसल्या जागी सांगितली. ते शेजारी आलेही नाहीत. चहा संपायच्या आत काम झालं. हाच मुलगा कॉलेजात असताना सीताबर्डीत एका फळवाल्याच्या ठेल्यावर गाडी घालून आला होता. फळवाल्याचा पाय मोडला. गाडीच्या जाळीत अडकलेली संत्र्याची सालं आईनं काढली, बाईंनी सांगितलं म्हणून. ठाण्यात काही गेलंच नाही. मुलगा स्वच्छ निघाला. आता तिकडे कुठल्याशा कंपनीत सुरक्षेवर भाषणं देतो म्हणे.

तर अशा घराकडून मला माझ्या चांगुलपणाचा दाखला हवा होता.

बाई पेन घेऊन आल्या. कागद कपडे धुण्याच्या दगडावर ठेवून उभ्या उभ्या लिहिला आणि माझ्याकडे दिला. अक्षर सुंदर होतं. तो मजकूर मला पाठ आहे.

"सुमन आमच्याकडे बावीस वर्षांपासून धुण्याभांड्याचे काम करते. तिची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. मुलगी कष्टाळू आहे. इतक्या वर्षांत आमच्या घरातून कधीही काही चोरीला गेलेले नाही."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

मी पाचवीत असताना बाईंचं कानातलं हरवलं होतं. शाळा सुटल्यावर मी आईची वाट पाहत याच अंगणात बसायचे. त्या दिवशी त्यांनी माझी शाळेची बॅग मागितली आणि इथंच, याच दगडावर, उलटी केली. वह्या झटकल्या. कंपास उघडून पेन्सिली खाली पाडल्या. डब्याचं झाकण काढून आत बोट फिरवून पाहिलं. आई बाजूला उभी होती, ओले हात साडीला पुसत. एक शब्द बोलली नाही. कानातलं दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टॉवेलमध्ये सापडलं. "मिळालं बरं का सुमन," एवढं म्हणाल्या. माझ्या कंपासमधला कोनमापक तेव्हा तुटला होता. वर्षभर मी तुटक्या कोनमापकानं कोन काढले.

आणि आता लिहून देत होत्या, काही चोरीला गेलेलं नाही म्हणून. उपकार म्हणून.

"बाई, ही शेवटची ओळ काढा."

"का गं? चांगलंच लिहिलंय की."

"हे चांगलं नाही."

"अगं, पोलिसांना तेच तर हवं असतं. तुमच्या लोकांबद्दल..." त्या थांबल्या.

"आमच्या लोकांबद्दल काय?"

त्या पेनाचं टोपण लावत बसल्या. मग म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे. आता मोठी झालीस तू."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. किळस आली. वार्डात घाण साफ करताना येत नाही मला ती कधी. तिथं आजार असतो, माणसाचा इलाज नसतो. इथं सगळं धडधाकट होतं. चांगलं शिक्षण, चांगलं अक्षर, आणि आत हे. मी कागद त्यांच्या हातात परत दिला.

आई मोरीतून उठली. मला वाटलं, आता ही हात जोडणार, पोरगी नादान आहे म्हणणार. आईला स्वतःचं नाव सोडून फारसं वाचता येत नाही.

"काय लिवलं हाये वं?" तिनं मला विचारलं.

मी चारही ओळी म्हणून दाखवल्या. आईनं ऐकल्या. शेवटची ऐकताना तिनं मान खाली घातली नाही. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

"बाई, कढईले साबन लावून ठेवला हाये. धुऊन घेजा. अन् उद्यापासून दुसरी पाहा."

आम्ही नाल्यावरच्या पुलापर्यंत आलो. तिथं आई थांबली.

"तुही बॅग झाडली होती न त्याइनं. तेव्हा मी काईच बोलली नाई. तेव्हाच बोलाले पायजे होतं मले."

घरी येऊन मी पहिल्यांदा ती गोष्ट केली जी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. पासपोर्टच्या संकेतस्थळावरचा चौकशीच्या सूचनांचा कागद उघडून नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, अर्जदाराला ओळखणारे परिसरातले दोन रहिवासी. बस. प्रतिष्ठित हा शब्द कुठंच नव्हता. तो हवालदारानं आपल्या मनचा घातला होता.

आणि माझं काय? इंजेक्शन देण्याआधी औषधाचं लेबल मी तीनदा वाचते. हा कागद मी एकदाही वाचला नव्हता. त्यानं प्रतिष्ठित म्हटलं आणि मला ते पटलं. माझीही नजर गल्ली ओलांडून, नाला ओलांडून, थेट बंगल्यावर गेली. ज्या काकांच्या सायकलवर बसून मी दहावीचे पेपर द्यायला गेले, त्यांचं नाव त्यानं उडवून लावलं तरी मी गप्प बसले. हवालदाराची किळस आली, बाईंची आली, पण त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त स्वतःची आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडाऊकाका आणि वच्छलाकाकूंना घेऊन ठाण्यात गेले. आईही आली, त्याच साडीत.

"तुले सांगतलं न, हे चालत नाई म्हनून?" हवालदार म्हणाला.

मी छापून आणलेला तो सूचनांचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्यावर काकांनी आपलं मापाऱ्याचं परवाना-कार्ड ठेवलं.

"सायेब, तीस वर्स झाले मी काट्यावर हावो. माह्यं वजन व्यापारी मानते, कास्तकार मानते. तुमीच काहून नाई मानत?"

"जास्त शानपना नोको करू गा."

तेव्हा मी बोलले. आवाज चढवला नाही. वार्डात गोंधळ झाला की मी जसं बोलते तसं बोलले. फक्त भाषा आपोआप घरची झाली.

"या दोघायची साक्ष काहून चालत नाई, ते लिहून द्या. खाली सही करा, शिक्का मारा. तो कागद मी अर्जाले जोडतो, अन् एक तुमच्या मोठ्या साहेबाले देतो."

त्यानं साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, मग शिपायाकडे. शिपाई आज हसत नव्हता. हवालदारानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"बसा मॅडम," तो म्हणाला.

एका रात्रीत मी मॅडम झाले. शिक्षण तेच, आडनाव तेच. फक्त त्याला लिहून द्यावं लागणार होतं. एवढीच असते यांची छाती.

"आधी यांना खुर्च्या द्या," मी म्हणाले.

खुर्च्या आल्या. काकांनी सही केली. काकूंनी त्यांच्याखाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली आणि मग पेन खाली ठेवून हवालदाराकडे पाहत राहिल्या. त्यालाच नजर वळवावी लागली. निघताना तो म्हणाला, "मॅडम, कॅनडाले गेल्यावर आमाले विसरू नोका." विसरणार नाही, मी म्हणाले. त्याला ते गोड वाटलं.

कागद मुदतीत आला आणि मुदतीत गेला. नाल्यापलीकडे बाई सांगतात म्हणे, सुमनच्या पोरीच्या डोक्यात हवा गेली. आई आता काकूंसोबत अंगणवाडीत खिचडी शिजवते. वस्तीत कोणाची पासपोर्टची चौकशी आली की घरचे आधी माझ्याकडे येतात. मी त्यांना तो सूचनांचा कागद मोठ्यानं वाचायला लावते आणि कॅनडाला जाईपर्यंत मीच ठाण्यात सोबत जाते. मी गेल्यावर त्यांच्यासोबत आई जाणार आहे. तिच्याकडून मी तो कागद पाठ करून घेतला आहे.

कॅनडाला गेलेल्या त्या कागदावर लिहिलं आहे की पोलिसांकडे माझ्याविरुद्ध कसलीही नोंद नाही. खरं आहे. बाई, हवालदारसाहेब, माझ्याकडे मात्र तुमच्याविरुद्ध नोंद आहे. दगडावर उलटी केलेली बॅग, मोरीत भिजलेली साडी, न लिहिलेली दोन नावं. ती मी आज लिहून ठेवली आहे. जगात कुठंही राहिले तरी ती मागे घेणार नाही.