खांबाखांबांतला झोल

कुसुमताई भोयर यांनी विणलेला रुमाल एका टोकाला धरून उचलला तरी लोंबत नसे. खळ न लावताही पुठ्ठ्यासारखा ताठ राहायचा. दोरा इतका आवळून विणायच्या की टाक्यातून टाचणी जाणं मुश्कील. मानेवाडा रोडच्या मागे आमचं ले-आउट आहे, प्लॉट पाडून वसवलेली वस्ती. तिथे गेल्या तीस वर्षांत जितक्या मुलींची लग्नं झाली, त्या प्रत्येकीच्या रुखवतात कुसुमताईंच्या क्रोशाचं काहीतरी मांडलेलं असायचंच. तोरण, ताटावरचा रुमाल, समईखालचं आसन. मांडवात बायका त्यावरून हात फिरवायच्या, वाहवा करायच्या, आणि मग ती वस्तू नव्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत बसून कपाटात जायची. वापरायला म्हणून त्यांच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

मी त्यांच्या शेजारची, मधली भिंत एकच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला त्यांच्याकडे शिकायला पाठवलं. एक साधा रुमाल त्यांनी माझ्याकडून सात वेळा उसवून घेतला. "मिनल, तुयी सुई झोपली का वं? दोरा लोंबकळून राहिला." आठव्या वेळी मी सुई त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि घरी निघून आले. खरं सांगायचं तर ही बाई मला वर्षानुवर्षं आवडली नाही. बोलणं तुटक, चेहरा कायम परीक्षेच्या हॉलमधला, आणि पाहुण्याला चहा विचारायचा तोही असा की समोरचा आपणहून नको म्हणेल. त्यांना मी ताई म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला काकाजी. नातं जुळत नाही, पण आमच्याकडे कुणी ते जुळवत बसत नाही.

काकाजी म्हणजे बाबाराव भोयर, वीज मंडळातले लाइनमन. बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले. स्वभाव बायकोच्या अगदी उलटा. भाजीत मीठ नसलं तरी "मस्त झाली". वादळात दिवसभर भिजून, कुडकुडत घरी आले तरी "काही नाही, थोडासा ओला झालो". कुणाला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस बिनदिक्कत खोटं बोलायचा. बायकोला चिडवण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. क्रोशाच्या विणकामात उभ्या टाक्याला खांबच म्हणतात: साखळी घालायची, मग खांब, पुन्हा साखळी, पुन्हा खांब. ओट्यावर बसून काकाजी माझ्या नवऱ्याला सांगायचे, "आम्ही दोघंबी खांबवालेच आहो गा. मी चढतो, हे विणते." कुसुमताईंना यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी काकाजींची कंबर दुखायला लागली. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला, मणक्यात आणि दोन्ही पायांत. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या. काकाजींची मुलगी भूमिका पुण्याहून रजा टाकून आली होती. तिला बाजूला घेऊन डॉक्टरांनी सांगितलं की संक्रांतीच्या पुढचं काही धरून चालू नका. तिने ते आईला सांगितलं. बापाला सांगायची वेळ आली नाही, त्यांना कळलेलंच होतं.

त्या पायांवर काही ठेवता येत नव्हतं. रजई नाही, शाल नाही, गोधडीचं तर नावच नको. जरा वजन पडलं की नडग्यांतून कळ उठायची. मग पलंगावर पायांच्या दोन्ही बाजूंना स्टुलं ठेवून वरून चादर ताणली, खिडक्या लावल्या आणि हीटर सुरू केला. सोय चांगली होती. पण काकाजी छताकडे बघत पडून राहायचे आणि रोज सकाळी एकच गोष्ट मागायचे.

"मले बाहेर घेऊन चाल वं कुसुम. उन्हात."

"थंडी पाहा किती आहे. पायावर काय टाकू तुमच्या?"

"काहीच नको टाकू."

एकदा नेलंही. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. माझा नवरा आणि समोरच्या घरातला सुशील, दोघांनी त्यांना लोखंडी खाटेवर घातलं आणि खाट अंगणात आणली. ऊन होतं, पण वाऱ्याला धार होती. स्टुलांवर ताणलेली चादर वारा उडवून लावत होता. दहा मिनिटांत उघडे पाय गारठून आखडले आणि काकाजी असे कळवळले की खाट तशीच आत न्यावी लागली. आत गेल्यावर म्हणाले, "बरं वाटलं." आणि भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर उघड्यावर राबलेला माणूस आता बंद खोलीत हीटरसमोर संपणार, हे मला त्या दिवशी फार लागलं.

भूमिकाने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. थंड मुलखातली एक बाई डोंगरावर बसली होती आणि तिच्या अंगावर जाळीची लोकरी चादर होती, घडी केली तर पिशवीच्या कोपऱ्यात मावेल एवढी. लोकर अगदी बारीक, विण मोकळी. हवा त्या जाळीत अडकून राहते आणि तिचीच ऊब मिळते, असं ती बाई सांगत होती.

"भोकाची चादर?" कुसुमताई म्हणाल्या. "मासोळ्या धराच्या आहेत काय?"

दुसऱ्या दिवशी मात्र मला सोबत घेऊन सदरच्या बाजारात लोकरीच्या दुकानात गेल्या. दुकानदार दाखवेल तो लोकरीचा गुंडा तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि परत द्यायचा. असं त्यांनी अख्खं काउंटर भरून टाकलं. शेवटी दुधाळ पांढरी, केसासारखी बारीक लोकर पसंत पडली. ऑटोत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवसांत झाली पाह्यजे."

बाराव्या दिवशी झाली. खरं सांगते, तेवढं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. सगळे खांब ओळंब्यात, एक भोक लहान नाही की एक मोठं नाही. स्टुलं काढली आणि कुसुमताईंनी स्वतःच्या हाताने ती पायांवर पसरली.

"मस्त आहे," काकाजी म्हणाले. "काहीच वाटत नाही."

भूमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही शहाणी, "वा ताई!" म्हणून मोकळी झाले. कुसुमताईंचं लक्ष चादरीकडे नव्हतंच. काकाजींनी पलंगाची कड मुठीत धरली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुसुमताईंनी चादर झटक्यात उचलली.

"खोटं बोलून राहिले तुम्ही."

"नाही वं. जरासंच..."

"चाळीस वर्षं झाले, सगळं मस्त! मीठ नसलं तरी मस्त! आता तरी खरं सांगा ना हो. मले कसं समजन? मी कोणासाठी करून राहिली हे?"

आवाज फाटला त्यांचा. ही बाई रडू शकते हे मला तेव्हा कळलं, आणि कुठे बघावं ते कळेना.

काकाजींनी पलंगाची कड सोडली. मग म्हणाले, "जड आहे कुसुम."

लोकर हलकीच होती. पण कुसुमताईंनी ती नेहमीच्या सवयीने आवळली होती, आणि जिथे एक गुंडा पुरला असता तिथे तीन कोंबले होते. त्यांनी तिथेच, पलंगाजवळ बसून, गाठ सोडली आणि चादर उसवायला घेतली. बारा दिवसांचं काम घटकाभरात मांडीवर ढीग होऊन पडलं. काकाजी ते पाहत होते.

"तार कशी ओढतात माहीत आहे तुले?" ते म्हणाले. "दोन खांबांमंधी तार ताणून बांधली, तं थंडीत ते आखडते अन् तुटते. म्हून झोल सोडा लागते. पाहणाऱ्याले वाटते, काम ढिलं केलं. ढिलं नसते ते. तारेले जागा ठेवली असते." मग तिच्या मांडीवरच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "तू झोल सोडतच नाही."

हे लोकरीबद्दल होतं की एकूणच, ते मी विचारलं नाही. कुसुमताईंनीही विचारलं नाही. त्या उठल्या, ट्रंकेतून सगळ्यात जाड क्रोशाची सुई काढली आणि पुन्हा पहिली साखळी घातली.

सांगणं सोपं होतं, पण तीस वर्षांची सवय कुठे ऐकते! मन सैल सोडायचं ठरवी आणि बोट आपोआप दोरा ओढून घेई. मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. ओळ पुरी झाली की कुसुमताई ती काकाजींच्या हातात द्यायच्या. काकाजी डोळे मिटून दोन बोटांत चाचपायचे. "ओढली वं." की लगेच उसवायची. "इथे झोल कमी आहे." उसवायची. एक चकार शब्द नाही. ज्या बाईने सगळ्या ले-आउटला उसवायला लावलं, तिला कुणीतरी उसवायला लावताना पाहून मला सुरुवातीला थोडी मजाही वाटली. आता त्याची लाज वाटते. काकाजी एकदा तिसऱ्यांदा नापास करून म्हणाले, "तुयी सुई झोपली का?" तेव्हा कुसुमताईंच्या ओठाचा कोपरा हलला. मी स्वतः पाहिला.

नवीन वर्ष लागलं तेव्हा चादर पायांपासून मांड्यांपर्यंतच आली होती. काकाजींचं जेवण दोन चमच्यांवर आलं होतं आणि दिवसातला बराच वेळ ग्लानी असायची. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले. दुसऱ्या सकाळी कुसुमताई अंगणाच्या भिंतीपाशी आल्या आणि मला विचारलं, "मिनल, अर्धीच चालन का वं?"

अर्धवट काम त्यांनी कधी कुणाच्या नजरेलाही पडू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "चालेल ताई. छातीवर शाल टाकू. पायांचंच तर आहे."

नऊ वाजता खाट अंगणात आली. कुसुमताईंनी चादर पायांवर सोडली. पसरली म्हणवत नाही, नुसती हवेतून खाली येऊ दिली. वारा होताच. आम्ही सगळे उभे होतो आणि कुणीही विचारलं नाही की कसं वाटतंय. काकाजींनीही मस्त आहे असं म्हटलं नाही. ते वर बघत होते. समोरच्या तारांना एक फाटका पतंग अडकला होता. "तो काढा लागन कोणाले तरी," ते पुटपुटले. मग त्यांचे डोळे मिटले. कुसुमताई वाकल्या आणि त्यांचा हात पाहिला. तळहात उघडा होता, बोटं सैल.

पाऊण तास झोपले ते, उन्हात. कुसुमताईंनी स्टूल ओढलं, मांड्यांपाशी अर्धी राहिलेली कड हातात घेतली आणि त्यांच्या अंगावर असतानाच पुढची ओळ विणायला लागल्या. उठवायचं नव्हतं म्हणून हात इतका हलका चालत होता की दोरा सरकल्याचाही आवाज नाही.

असे आठ दिवस मिळाले. रोज सकाळी नऊ ते अकरा. चादर मांड्यांवरून पोटावर आली, पोटावरून छातीवर. काकाजी जागे असले की दोघं काहीबाही बोलायचे. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कानही दिला नाही. या घराच्या अंगणात ही दोघं शेजारी शेजारी बसलेली मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. मला या बाईची माया वाटायला लागली होती आणि हे तिला सांगायला मी धजत नव्हते.

नवव्या दिवशी त्यांना हलवता आलं नाही. दुपारी, कुसुमताई पाणी पाजत असताना, काकाजी गेले. संक्रांत तीन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. तिरडी तयार झाली, पांढरं वस्त्र घातलं, आणि त्यावर कुसुमताईंनी ती चादर टाकली, पायांपासून छातीपर्यंत. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण अडवलं नाही. मग एकेक जण दर्शनाला येऊ लागला. काकाजींना ओळखत नव्हता असा माणूस आमच्या भागात नव्हता. झेंडूचे जाडजाड हार, त्यावर पाहुण्यांच्या शाली, त्यावर आणखी हार. वीज मंडळातले जुने सोबती आले. चार जणांनी मिळून उचलून आणलेलं भलं मोठं पुष्पचक्र त्यांनी काकाजींच्या पायांवर ठेवलं आणि हात जोडले.

कुसुमताई उशाशी बसल्या होत्या, सकाळपासून डोळ्यांतून टिपूस नाही. त्या एकदम उठल्या.

"उचला ते!"

सगळे थबकले. कुसुमताई पायांशी येऊन दोन्ही हातांनी हार ओढायला लागल्या.

"पायावर नका ठेवू ना हो. जड होते त्यायले."

एक सोबती म्हणायला गेला, "वहिनी, आता..." आणि चादरीकडे पाहून थांबला. त्याने आणि बाकी तिघांनी वाकून पुष्पचक्र उचललं. मी हार उचलले. मग सगळ्यांनी हात लावला, आणि ते पाय मोकळे होईपर्यंत कुणी थांबलं नाही.