गरम पाण्याची आंघोळ

मित्रांनो, आज सकाळी घरात जे घडलं ते लिहितोय.

माझ्या बायकोला, सायलीला, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंचा आजार. बाहेरून काही दिसत नाही, पण थकवा भयंकर. आज सकाळी ती म्हणाली, "अंगात जीवच नाहीये रे." मी म्हणालो, "कडकडीत पाण्याने आंघोळ कर, आळस पळेल." गीझरही मीच लावला.

दहा मिनिटांनी बाथरूममधून हाक आली, "अरे, मला उठता येत नाहीये!" नशीब, कडी लावली नव्हती. तिचे पाय हलेनात. माझी वाटच लागली. उचलून पंख्याखाली आणलं, तिच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मुलुंडच्या या उकाड्यात गरम पाणी?" ते ओरडलेच. "उष्णतेने त्यांचा त्रास वाढतो. अंग थंड होऊ द्या. तरी पाय हलले नाहीत तर लगेच घेऊन या."

तासाभराने ती उभी राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं. तुलाही सांगितलं होतं."

"मग गेलीस कशाला?"

"तू आळस म्हणालास ना. दर वेळी समजावून सांगायलाही ताकद लागते रे."

तुमच्या घरात असं सांगून सांगून कुणी गप्प झालंय का?