शाप नेमका कोणाला

कॉफीच्या बिया भाजल्याचा वास आला, की कुवेतच्या फरवानियातल्या आमच्या फ्लॅटमधली, सुट्टीच्या एका शुक्रवारची प्रार्थनासभा आठवते. मी नर्स असलेल्या हॉस्पिटलात, आमच्या वॉर्डात सफाई करणारी इथिओपियाची बाई त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती, सगळ्यांसाठी कॉफी करायला बिया घेऊन, आणि त्या तिने तिथेच भाजल्या होत्या. मी बायबलातल्या उत्पत्तीचा नववा अध्याय समजावत होते. नोहाच्या शापामुळे त्याच्या मुलाचे, हामचे वंशज गुलाम झाले असं जुन्या ख्रिस्ती गुरूंनी लिहून ठेवलंय, हे कुठेसं वाचलेलं मी ठासून सांगितलं आणि ‘म्हणजे आफ्रिकेतले लोक’ हे वर स्वतःच जोडलं. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, “सिस्टर, शाप हामला नाही, त्याच्या मुलाला, कनानला. आणि दिला नोहाने, देवाने नाही.” मी म्हटलं, “त्या विद्वानांपेक्षा तुला जास्त कळतं का?” दोघीतिघी हसल्या, ती रिकामे कप गोळा करू लागली. सगळे गेल्यावर मी बायबल उघडलं, तर तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात फरशी पुसताना तिने मला पाहून बादली बाजूला घेतली, वाट करून दिली. ‘तुझं बरोबर होतं’ एवढंच म्हणायचं होतं, पण मी मान खाली घालून पुढे गेले. आता तो अध्याय शिकवताना मी तिचंच उत्तर देते. ते तिचं आहे, हे मात्र अजून कोणालाही सांगितलेलं नाही.