खालची माती

मी आयुष्यभर नाटकांत राजेच केले. तीन मुकुट, दोन तलवारी आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, एवढ्या भांडवलावर अख्खा विदर्भ पालथा घातला. भेटलेल्या माणसांतली बरीच आता आठवत नाहीत. लहानू मात्र लख्ख आठवतो.

१९७४ चा जानेवारी. कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी आमचा प्रयोग होता. मी मुकुट डोक्यावर चढवत होतो, तेवढ्यात एक किरकोळ अंगाचा माणूस हातात काठी घेऊन थेट रंगमंचावर आला. फळी ठोकायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुढची फळी ठोकायची. असं करत तो माझ्या सिंहासनापाशी येऊन थांबला.

"राजे, हे तं सगळंच पोकळ हाये. याच्यावर उभे कसे राह्यता गा तुमी?"

"रंगमंच पोकळच असतो बाबा. खाली नुसत्या घोड्या लावून वर फळ्या टाकतात."

"खरंच पोकळ हाये?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "मंग बरं झालं. मले वाटलं, मलेच तसं ऐकू येऊन राह्यलं."

हा लहानू. प्रयोगानंतर तो चहा घेऊन आला आणि मी रंग पुसता पुसता त्याची गोष्ट ऐकली. खाणीत कोळसा काढला की डोक्यावर जो दगड उरतो, तो काठीने ठोकून पाहणं हे त्याचं काम. खणखणीत वाजला तर माणसांनी पुढे जायचं. बद्द वाजला तर दगड सुटलेला आहे, तिथे आधी खांब लावायचा. अकरा वर्षं पंचवीस माणसं त्याच्या कानाच्या भरवशावर आत जात होती. मग एके दिवशी, तो ठोकत पोचला नव्हता त्या बाजूचं छत खाली आलं. लहानू सहा तास ढिगाऱ्याखाली होता. हाडं जुळली, पण तेव्हापासून त्याला प्रत्येक दगड बद्दच ऐकू यायचा. पाय कापायचे. घरातली भिंतसुद्धा तो ठोकून बघायचा. खाणीने त्याला वर, दिवे वाटायच्या खोलीत बसवलं होतं, पण पोळ्यापर्यंतच. त्यानंतर पुन्हा काठी घेऊन खाली उतरायचं, नाहीतर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही सोडायचं.

"तुमचे पाय नाही कापत का गा, येवढ्या लोकायसमोर?" त्याने विचारलं.

आता खरं सांगतो. कापायचे. म्हणून तर माझे झगे घोट्यापर्यंत लांब असत. नागपुरात नंदनवन वस्तीतले माझे शेजारी वामनराव, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर, यांनी मला मूलाधाराचं ध्यान शिकवलं आणि माझे झगे आखूड झाले. मी लहानूला म्हणालो, "रविवारी नागपूरला ये."

वामनराव गच्चीवर शिकवत. लहानूने जिना चढता चढताच टोमणा मारला, "जमिनीचं ध्यान अन् गच्चीवर? वा रे मास्तर!"

"खाली घरमालकाच्या म्हशी आहेत," वामनराव शांतपणे म्हणाले. "बस. पाठ ताठ ठेव. डोळे मिट. पाठीचा कणा जिथे संपतो तिथे लक्ष ने. तिथे चार पाकळ्यांचं लाल कमळ आहे असं समज. श्वास सोडताना मनात 'लं' म्हण. आता तुझं सगळं वजन जमिनीत जाऊ दे. खोल, आणखी खोल. माती तुला धरून आहे."

लहानू ताडकन उठला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"का उठलास? कमळ दिसलं का?" वामनरावांनी विचारलं.

"कमळ नाही, ढिगाऱ्याखालचा माहा विझता दिवा दिसला. मास्तर, माती धरते म्हणता तुमी. माह्यावर तं पडली ना ते!"

वीस वर्षं वामनराव हे ध्यान शिकवत होते, पण माती अंगावर आलेला माणूस त्यांच्यासमोर बसला नव्हता. तरी लहानू दर रविवारी यायचा, बसायचा आणि घामेजून उठायचा. मार्च संपला. वामनराव मला हळूच म्हणाले, "राजे, याला मी फसवतो आहे की काय?"

एप्रिलमध्ये लहानूबरोबर त्याची बायको तुळसाबाई आली, म्हणाली, पाहू तरी कोणते मास्तर हायेत हे. ती जिन्याजवळ बसून सगळं बघत होती. नवरा पुन्हा उठला, तेव्हा ती कडाडली.

"आवो, पडली ते वरची माती. खाली बी मातीच होती ना? सहा घंटे तिच्याच आंगावर पडून होते तुमी. तिनं काही केलं का तुमाले?"

लहानू होता तिथेच परत खाली बसला.

"नाही," तो म्हणाला. "खाली गार लागत होती. गाल टेकवला होता मी तिच्यावर."

वामनराव लगेच पुढे सरकले. "मग कमळ राहू दे. खोल जाणं राहू दे. डोळेही मिटू नको. फक्त बूड जिथे टेकतं तेवढीच जागा बघ. ती गार आहे का, सांग."

त्या दिवशी लहानू पाव तास बसला. आमच्या धंद्यात अशा वेळी मागून सनई वाजते. तिथे खालची म्हैस ओरडली.

पुढचे चार महिने तो रोज पहाटे क्वार्टरच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसायचा. "आज गार लागली," एवढंच तो रविवारी येऊन सांगायचा. कधी म्हणायचा, "आज नाही लागली." वामनराव दोन्हीला सारखीच मान डोलवत. त्यांनी शिकवणं आता गच्चीवरून अंगणात आणलं होतं. म्हशी बाजूला सरकायला तयार झाल्या होत्या.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी करीची सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी लहानूची खाणीतली पाळी लागली. मी सकाळचीच बस धरून कन्हानला गेलो. पाळी सुटायच्या वेळी तुळसाबाई आणि मी खाणीच्या तोंडाशी उभे होतो. तिने पदराचं टोक दातात धरलं होतं. माणसं एकेक करून उतारावरून वर येत होती, सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे. लहानू ओळखू आला तो काठीवरून.

"काय झालं वो?" तुळसाबाईने विचारलं.

"पैल्या जागी चांगलं वाजलं. दुसऱ्या जागी बी चांगलं वाजलं. मंग आंदर, वळणावर, बद्द वाजलं."

तुळसाबाईचा हात माझ्या मनगटावर आवळला. माझ्या मनात आलं, परत तेच सुरू झालं की काय?

"मंग खाली बसलो," लहानू म्हणाला. "आमच्या पाळीचा सरदार वरडला, काय झालं गा? म्हटलं, थांब जरा. बूड टेकवलं. गार होतं. उठून परत ठोकलं. बद्दच वाजलं. बाजूचं ठोकलं, ते खणखणीत. म्हणजे तेवढाच दगड सुटला होता. म्हटलं, इथं खांब लावा, बाकी चालू द्या."

"अन् पाय?"

"कापले ना. लई कापले." तो हसला आणि काठी तिच्या हातात दिली. "पण खांब लागेपर्यंत मी तिथंच होतो. पंचवीसच्या पंचवीस माह्यामागून आंदर गेले. चल, भूक लागली."