थोरल्या घराचा पत्ता

आमच्या भावकीची वेबसाइट मी सांभाळतो. घरं नेसरीपासून पुण्यापर्यंत पांगलेली. यात्रेचं आमंत्रण कुणाला पोचलं, कुणाला नाही, यावरून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून कळंब्यात घरी बसून मी एक पान तयार केलं. प्रत्येक घरातला कर्ता माणूस, त्याचं गाव आणि इमेलचा पत्ता, एवढंच. हिशेब तपासण्यात हयात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट ओळीने मांडली की मला बरं वाटतं.

आमच्यात मान थोरल्या घराचा. आमंत्रण पहिलं त्यांना, नैवेद्य पहिला त्यांचा. त्यामुळे पानावर पहिला पत्ता अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. वहिनी गेल्यापासून नेसरीत एकटेच राहतात. मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला. बोट समुद्रात असली की त्याचा फोन लागत नाही, तो तिथून इमेल पाठवतो. तेवढ्यासाठी अण्णा उतारवयात इमेल शिकले. विषयाच्या जागी मुलगा त्यांना हाक मारायचा तसं ‘आबा’ असं लिहायचा, म्हणजे त्यांना पत्र चटकन सापडावं.

पान सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत त्यांचा फोन आला. माझ्या पानावर नाव गेल्यापासून त्यांच्या इमेलमध्ये घाण पडायला लागली होती. लॉटरी, केस उगवायची औषधं, बँकेच्या नावाने धमक्या. बँकेचं म्हणून ते प्रत्येक पत्र उघडून वाचत आणि घाबरत. एका सकाळी वैतागून त्यांनी सगळी एकदम निवडली आणि पुसून टाकली. घाण ठेवायची कशाला, म्हणून कचऱ्याच्या खणातूनही काढली. पुसता पुसता त्यात ‘आबा’ दिसलं, पण तोवर बटणावर बोट पडलं होतं.

मुलगा कुठल्या बंदरात उतरणार, घरी कधी येणार, ते त्या पत्रात असणार होतं. अण्णांनी त्याला परत लिहिलं. उत्तर आलं नाही, की येऊन कचऱ्यात हरवलं, हेही कळायला मार्ग नव्हता.

मला जेवण गोड लागेना. वाचून काढलं तेव्हा समजलं, की इंटरनेटवर बॉट नावाचे प्रोग्राम फिरत असतात. पानामागून पान धुंडाळून इमेलसारखं दिसेल ते उचलतात आणि त्याच्या याद्या विकल्या जातात. नुसत्या वाचलेल्या गोष्टीवर माझा भरवसा नसतो. मी दोन नवे पत्ते काढले, कुणालाच न दिलेले. एक पानावर उघडा ठेवला, दुसरा कुठेच न टाकता झाकून ठेवला. उघड्यावर कचरा यायला लागला, झाकलेला कोरा राहिला. मग सगळेच पत्ते काढले आणि त्या जागी एक फॉर्म बसवला. ज्याला कुणाला लिहायचं त्याने तिथे लिहावं, ते माझ्याकडे येईल, मी ज्याचं त्याला पाठवीन. पक्की व्यवस्था, असं मला वाटलं.

अण्णांनी पान बघितलं आणि फोन केला. ‘माज्या नावाचा कागद आता तुज्या दारातनं येणार व्हय?’

बॉटचं मी समजावत होतो. ते म्हणाले, ‘त्ये मशिनीचं ऱ्हाऊ दे. थोरल्या घराला धाकट्याकडनं निरोप, हे कुणाच्या बापानं केलंतं?’ आणि फोन ठेवला.

बायको कणीक मळत ऐकत होती. म्हणाली, ‘इतकी वर्षं हिशेब तपासले, पण मान कुठल्या रकान्यात बसतो ते कळलं न्हाई तुम्हाला.’ मला राग आला, पण मी पान पुन्हा उघडलं.

फॉर्म काढला. पुन्हा शोधाशोध केली. पत्त्याचे तुकडे करून पानाच्या आत वेगवेगळे ठेवायचे, माणसाने नावावर क्लिक केलं की ते जुळून पूर्ण पत्ता दिसायचा, असं करता येतं. आलेलं पत्र मग थेट त्या घरी जातं, मध्ये मी नाही. अण्णांचं नाव पुन्हा पहिलं आलं. पण त्यांचा पत्ता आधीच याद्यांत गेला होता. आता झाकून उपयोग नव्हता, नवा काढायला हवा होता.

‘पत्ता बदलाय मी काय गाव सोडून चाललोय?’ अण्णा म्हणाले.

शेवटी शनिवारी गडहिंग्लजवरून एसटी बदलून मी नेसरीला गेलो. समोरासमोर बसून तडजोड झाली. नवा पत्ता फक्त मुलासाठी, पानावर जुनाच राहणार. मुलाला नवा कळवला. पण त्याने बोटीवरून सवयीने जुन्यावरच पाठवलं तर? अण्णांनी स्वतःच जुन्याचा पासवर्ड सांगितला. ‘बघत जा. पण उघडायचं न्हाई.’

तेव्हापासून रोज कामावरून आलो की चहाआधी मी अण्णांचा कचरा बघतो. पाठवणारा आणि विषय, एवढंच. न उघडता पुसायचं आणि पुसताना पुन्हा भीती. म्हणून बरंचसं मी पुसतही नाही. बायको म्हणते, घरी आलात तरी तुम्ही आलेले नसता.

गेल्या रविवारी सकाळी मी खालून वर बघत गेलो. बेरीज जुळत नसली की कामावर आम्ही तशीच उलटी तपासतो. मध्येच एक पत्र होतं, पाठवणाऱ्याच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, विषय रिकामा. पण त्या अक्षरांत बोटीचं नाव होतं. नेसरीत अण्णांच्या भिंतीवर बोटीचा फोटो आहे, त्याखाली मी ते वाचलेलं होतं.

मी अण्णांना फोन लावला. जुन्यावर मुलाचं पत्र आहे म्हणालो.

‘वाचलंस?’

‘नाही.’

‘मग वाच की. माजा चष्मा सापडंना.’

मी उघडलं. ‘आबा, तुमचं उत्तर नाही म्हणून काळजी वाटते. बोटीवरच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यावरून पाठवतोय,’ अशी सुरुवात होती. अण्णांनी मला थांबवलं.

‘कवा आलंय त्ये?’

मी तारीख बघितली. ‘गुरुवारी.’

‘गुरवारी तू बघितलं न्हवतंस?’

‘बघितलं होतं, अण्णा. नजरेखालून गेलं.’

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

‘बरं,’ ते म्हणाले, ‘फुडं वाच.’