गुरूचा जुळा भाऊ

काल मुलीने मोबाइलवर जुना कराटेचा सिनेमा लावला. मी गोष्ट समजावायला गेलो, तर म्हणाली, "बाबा, गप्प बसा ना! खाली हिंदीत लिहून येतं."

आमच्या वेळी हे काम माझ्या गळ्यात होतं. पुलगावच्या घरी भाड्याने व्हीसीआर आणलेला. मी नुकताच अकरावी सायन्सला गेलेलो, म्हणजे इंग्रजी येणारच, म्हणून आत्याने मला टीव्हीशेजारी बसवलं. सिनेमा निघाला चिनी! पण इज्जतीचा प्रश्न होता. मी ठोकून देऊ लागलो.

"काऊन मारून राह्यला तो त्याले?" आत्या दर लाथेला विचारी.

"त्यानं याच्या गुरूले मारलं, आत्या."

तेवढ्यात गुरू दारातून आत आला आणि निवांत चहा पिऊ लागला.

"हा गुरूचा जुळा भाऊ," मी घाम पुसत म्हणालो.

तापलेल्या व्हीसीआरचा वास घरभर झाला, तरी आत्या शेंगा सोलत हूं हूं करतच होती. कॅसेट संपल्यावर पदरातली टरफलं झटकून म्हणाली, "तुले काही समजून नाई राह्यलं, हे मले पहिल्या लाथेलेच समजलं. पण सांगतो मस्त. पुढची कॅसेटही चिनीच आणजो."