हेल्वीच्या संघातला चौथा

ऑरिन लेह्तोकडे कुणी आपल्या दुकानाच्या वेबसाइटवरची वेळ बदलून घ्यायला गेलं, तर वेळ बदलायला दोन मिनिटं लागत आणि माणूस घरी परतायला संध्याकाळ होई. मधल्या वेळात ऑरिन म्हणे, "थांबा, एक गंमत दाखवतो." मग खुर्ची ओढली जाई, कॉफी येई आणि गंमत सुरू होई. बेकरीवाल्या बाईंना त्यानं एकदा दाखवलं होतं, की कॅनडातल्या या थंडर बे गावात त्यांच्या भट्टीखाली सरळ खड्डा खणत गेलं तर पृथ्वीच्या पलीकडे हिंदी महासागरात बाहेर पडता येईल. बाईंच्या दुकानाची वेळ बदलायची राहून गेली. पण पुढे कितीतरी दिवस त्या गिऱ्हाइकांना पावाबरोबर महासागरही देत होत्या.

चाळिशी उलटलेला, उंच, खांद्यात वाकलेला हा एकटा माणूस घराच्या तळघरात बसून गावातल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळी. त्याचं मन दोन गोष्टींवर जडलेलं होतं. एक म्हणजे इंटरनेटवर मिळणारी कामाची अवजारं: फोटोचं वजन उतरवणारं, रंगाला रंग जुळवणारं, दृष्टी नसलेल्या माणसाला आपलं पान कसं ऐकू येईल ते ऐकवणारं. दुसरी म्हणजे कुणीतरी केवळ हौसेपोटी मांडून ठेवलेली विचित्र पानं. जगातले दीपस्तंभ आपापल्या ठेक्यात लुकलुकताना दाखवणारा नकाशा त्यानं इतक्यांना दाखवला होता, की लोक त्याला रस्त्यात विचारत, "काय ऑरिन, दिवे लागले का?" त्याला त्याचं वाईट वाटत नसे. कुणा अनोळखी माणसानं महिनोन्‌महिने खपून एखादी गोष्ट केली आणि फुकट देऊन टाकली, यानं त्याला दर वेळी नव्यानं भरून येई. एवढंच की त्या नादात समोरचं काम कुठे ठेवलं, ते त्याला आठवत नसे.

जानेवारीत एका सकाळी त्याला हेल्वी कांगसचा फोन आला. हेल्वी त्याच्या आईची मैत्रीण. तो तिला लहानपणापासून मावशी म्हणे. वयानं सत्तरीपुढची, पण कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ, त्याच्या क्लबात अजून आपल्या संघाची कप्तान. बर्फाच्या पट्टीच्या पार टोकाला उभी राहून ती ओरडे, आणि तिच्या ओरडण्यावर तिच्या संघातल्या बायका सरकत्या दगडापुढे झाडू घासत धावत.

"ऑरिन, बर्निस गेली रे," हेल्वी म्हणाली.

"अरे देवा! कधी?"

"काल. विनिपेगला. लेकीकडे."

ऑरिननं सुटकेचा श्वास टाकला. हेल्वीनं मात्र टाकला नाही.

"कायमची गेली. आता संघात आम्ही तिघीच उरलो. गुरुवारी सामन्यांची सोडत आहे, आणि तोवर चार नावं नसली तर संघ मोडतात, ठाऊक आहे ना तुला? सिल्वियाला इकडे टाकतील, मला तिकडे. उन्हाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो, त्यानंतर बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे हा माझा शेवटचा हंगाम. तो मी परक्यांच्या संघात दगड पुसत काढू?"

"नको, मावशी."

"म्हणून मी चौथा शोधलाय. तू केलेल्या त्या नव्या वेबसाइटवर सभासदांची नावं आहेत ना, त्यात. लायोनेल फेदरस्टन. अनुभव भरपूर, आणि अजून कुठल्याच संघात नाही! मी त्याचं नाव आमच्यात घालून टाकलं. पण त्याचा फोन लागत नाही. तू एवढा कॉम्प्युटरवाला. शोधून दे मला तो माणूस."

शोधून दे! ऑरिनला यापेक्षा गोड शब्द ठाऊक नव्हते. माणसं शोधायची अवजारं त्याच्याकडे एकाला दहा होती, आणि त्यांतली बरीचशी केव्हा वापरायला मिळतील याची तो वाट पाहत होता. दुपारपर्यंत त्याला इंग्लंडातल्या एका खेड्यात शंभरावर वर्षांपूर्वी चर्चची घंटा वाजवणारा फेदरस्टन सापडला. घंटा कशी वाजे, तेही एका पानावर ऐकायला मिळालं. ते त्यानं तीनदा ऐकलं. मग अल्बर्टात मधमाश्या पाळणारा एक सापडला. त्याचं नाव लायोनेल होतं, पण आडनाव वेगळं, आणि तो वारलेला होता. त्याच्या मधमाश्यांवरचं पान मात्र सुरेख होतं. ऑरिननं ते शुक्रवारसाठी राखून ठेवलं.

थंडर बेचा लायोनेल फेदरस्टन मात्र कुठेच नव्हता. ना टेलिफोनच्या पुस्तकात, ना फोटोत, ना मासे पकडण्याच्या स्पर्धेच्या निकालात, आणि त्या निकालात तर ऑरिनच्या माहितीप्रमाणे गावातला प्रत्येक पुरुष कधी ना कधी येऊन जातो.

त्यानं क्लबचा सेक्रेटरी मर्व्ह पेल्तिएला फोन केला.

"फेदरस्टन?" मर्व्ह म्हणाला. "आहे की! बघितलंय मी त्याला. उंचसा आहे, मिशा आहेत. फार बोलत नाही."

"खेळतो कसा?"

"बरा खेळत असावा. मिरवत नाही, एवढं खरं."

ऑरिन आणखीनच गोंधळला. ज्याला क्लबात पाहिलेलं आहे तो माणूस जगात कुठेच कसा नाही? संध्याकाळी त्याला वाटू लागलं, की हा माणूस मुद्दाम आपल्या खुणा पुसत असावा. त्याला थोडी भीती वाटली, आणि थोडा आदरही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हेल्वीचा फोन आला.

"काल संध्याकाळी मी जाऊन आले त्याच्या पत्त्यावर. हेमलॉक रस्त्यावर. त्या नंबरचं घरच नाही रे! रस्ता आधीच संपतो, पुढे नुसता बर्फाचा ढीग. दोनदा गेले आणि आले. नवा आलाय गावात, फोन बंद, पत्ता चुकीचा लिहिलाय. कुठे राहत असेल बिचारा, या थंडीत?" तिचा आवाज जरा ओला झाला. "मी वेलदोड्याचा पाव नेला होता. शेवटच्या घराच्या पायरीवर ठेवून आले. म्हटलं, चुकून तिथेच राहत असला तर."

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण एकदा तो पत्ता तरी नीट पाहावा. सगळं जग चाळून झालं होतं. क्लबच्या सभासदांची त्यानं स्वतःच बनवलेली यादी मात्र त्यानं उघडली नव्हती. ते फार सोपं होतं, म्हणून सुचलंच नव्हतं.

त्यानं फेदरस्टनचं नाव दाबलं. फोन, पत्ता, अनुभव, आणि खाली ईमेल. ईमेलच्या @ नंतरच्या शेपटीकडे ऑरिन पाहत राहिला. वेबसाइट बनवणारे लोक जी शेपटी फक्त चाचणीसाठी वापरतात, जी जगातल्या कुठल्याही खऱ्या माणसाला मिळत नाही, ती शेपटी तिथे होती.

सप्टेंबरात त्याला एक अवजार सापडलं होतं. बटण दाबलं की माणूस तयार. नाव, आडनाव, आपल्याच गावातल्या रस्त्याचं नाव आणि मनानं ठोकलेला घराचा नंबर. नवी वेबसाइट चालते की नाही हे पाहायला असली खोटी माणसं लागतात. ऑरिननं हौसेनं पुष्कळ बनवली होती. एका संध्याकाळी तर तो नुसती नावं वाचत बसला होता. काम झाल्यावर ती पुसायची म्हणून त्यानं 'नवशिके' असतील तेवढे सगळे निवडले आणि काढून टाकले. अवजारानं एकाच माणसाला भरपूर अनुभव देऊन ठेवला होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे दोन दिवस तो ज्याला शोधत होता, त्याला त्यानंच जन्माला घातलं होतं. आणि मर्व्हनं पाहिलेल्या मिशा कुणाच्या?

सोडत दुसऱ्याच दिवशी होती. त्यानं कोट चढवला आणि बूट न बांधताच हेल्वीच्या घरी गेला. हेल्वी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. ऑरिन दारातच उभा राहून म्हणाला, "मावशी, माझा झाडू लागला."

हेल्वीचा हात थांबला. क्लबातल्या कर्लिंगमध्ये पंच नसतो. पळत्या दगडाला ज्याचा झाडू लागतो, त्यानं स्वतःच हात वर करून ते सांगायचं असतं, कुणी पाहिलं असो वा नसो. गावातली माणसं घरीदारीही हेच शब्द वापरतात, पण गमतीनं नाही.

"कुठल्या दगडाला?" तिनं विचारलं.

"लायोनेल फेदरस्टनला. तो नाहीच आहे. मी केला तो. म्हणजे मी नाही, एका अवजारानं. म्हणजे बटण मीच दाबलं."

हेल्वीनं त्याला खुर्चीत बसवलं, कप पुढे सरकवला आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. दोनदा. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"म्हणजे उद्या आम्ही तिघीच," ती म्हणाली. "बरं, असू दे. तू सांगितलंस ते बरं केलंस." ती खिडकीकडे वळली. मग सावकाश म्हणाली, "पण ऑरिन, तो माणूस नाहीच, तर माझा पाव कुणी खाल्ला?"

"कुणी?"

"तुझ्याशी बोलून फोन ठेवला आणि दार उघडलं, तर कडीला पिशवी होती. आत माझी ताटली, धुऊन पुसून. खाली चिकटपट्टीवर माझा नाव-पत्ता असतो ना, चर्चच्या जेवणाला नेते तेव्हा लावलेला. आणि चिठ्ठी: फार चवदार होता, आभारी आहे. मी म्हटलं, आला बाई लायोनेल ठिकाणावर!"

एरवी ऑरिननं अशा वेळी एखादं अवजार उघडलं असतं. हेल्वीनं टोपी घातली. "चल," ती म्हणाली.

हेमलॉक रस्त्यावरच्या शेवटच्या घराचं दार एका ठेंगण्या तरुण बाईनं उघडलं. हॉस्पिटलचा गणवेश, डोळ्यांत झोप. हेल्वीला पाहून ती घाबरलीच.

"ताटली फुटली का? मी तर नीट टॉवेलात गुंडाळली होती!"

"नाही गं, ताटली शाबूत आहे. तू कोण?"

"मारिविक. सहा आठवडे झाले मला इथे येऊन, फिलिपिन्सहून. रात्रपाळीला असते. पायरीवर पाव दिसला. मला वाटलं, इथली पद्धत असेल, नव्या माणसाला पाव देतात. फार रडले मी तो पाहून, खरं सांगू? पण चुकून आला होता का तो?"

हेल्वीनं ऑरिनकडे पाहिलं. ऑरिननं बुटांकडे पाहिलं.

"चुकून नाही," हेल्वी म्हणाली. "आहेच तशी पद्धत. बरं, तू कर्लिंग करतेस?"

"केसांचं?" मारिविकनं डोक्याला हात लावला. "नाही हो, माझे आधीच कुरळे आहेत."

यावर हेल्वीला हसू आवरेना. आत स्वयंपाकघरात बसल्यावर तिनं सगळी हकिकत सांगितली: दगड, झाडू, बर्निस, सोडत, दर गुरुवारचे सामने, आणि खोटा माणूस. मारिविकच्या चेहऱ्यावर पानांमागून पानं उलटावीत तसे भाव बदलत होते, आणि एकही भाव समजल्याचा नव्हता.

"मी आले असते," शेवटी ती म्हणाली, "पण गुरुवारी माझी रात्रपाळी असते, दर गुरुवारी. आणि तो दगड माझ्यानं हलेल असं वाटत नाही." मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "पण हे का नाही खेळत? उंच आहेत. हात लांब आहेत."

हेल्वीनं ऑरिनला नखशिखांत न्याहाळलं.

"हा?" हेल्वी म्हणाली. "याची आई याला बर्फावर न्यायची, तर हा तिथे बसून पुस्तक वाचायचा."

"मला जमणार नाही, मावशी," ऑरिन घाईघाईनं म्हणाला. "मी पडेन. मला तर कुठला दगड कुणाचा तेसुद्धा..."

"तुला विचारलंय कुणी?" हेल्वीनं फोन काढला. "मर्व्ह? लिहून घे. आमचा चौथा ऑरिन लेह्तो. हो, तोच. हसून झालं की लिही. काय म्हणालास? फेदरस्टन? अरे, तो गेला. हो. गाव सोडून." तिनं फोन ठेवला. "म्हणतो, मला वाटलंच होतं, तो टिकणारा दिसत नव्हता."

मारिविकनं कोपऱ्यातला केर काढायचा झाडू आणून त्याच्या हातात दिला. हेल्वी खुर्चीला धरून उठली आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मारिविकनं चहाची किटली जमिनीवर ठेवली आणि दगड म्हणून त्याच्याकडे ढकलली.

"मावशी, एक फार छान पान आहे," ऑरिन म्हणाला, "त्यात दगडाची वाट आधीच रेघेनं काढून दाखवतात, आपण ते जरा पाहिलं तर..."

"ऑरिन," हेल्वी पलीकडून ओरडली, "किटली निघाली! वाक!"

तो वाकला, आणि कुठल्या बाजूला घासायचं ते न कळताच जिवाच्या आकांतानं घासू लागला.